पाते किती बोटांचे असावे?

गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत आमचा धाकटा भाऊ सहकुटुंब आमच्याकडे राहायला आला होता. रात्रीची जेवणे आटोपल्यावर त्याचा मुलगा ओसरीवर आमच्याजवळ येऊन बसला आणि आपल्या मोबाइलवर त्याने आम्हाला एका सुरीचे चित्र दाखवले. सुरी कसली, ते एक लहानसे शस्त्रागारच होते. नऊ इंचांचे काळे पाते, पाठीवर करवतीचे दाते, मुठीच्या टोकाला होकायंत्र, म्यानाला बांधलेला धारेचा दगड. किंमत साडेचार हजार रुपये. डिसेंबरात तो तीन मित्रांबरोबर रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात जाणार होता. रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड या तीन गडांची डोंगरवाट चार दिवसांत चालायची, रात्री रानात किंवा गडावर काढायच्या, असा बेत होता.

"काका, चार दिवस रानात काढायचे म्हणजे नीट सुरी हवीच ना?" त्याने विचारले.

आमची भावजय आतून म्हणाली, "घरातली कांदा चिरायची सुरी ने की! ती काय रानात कापत नाही?"

सगळे हसले. आम्हीही हसलो, आणि "उद्या सांगतो" असे म्हणून तो विषय तेवढ्यावर थांबवला. उत्तर ठाऊक नव्हते म्हणून आम्ही थांबलो नाही. खेड तालुक्यातील त्याच वाटेवर, तशाच एका सुरीच्या संगतीने, आम्ही स्वतः एकदा गेलो होतो, आणि ती हकिकत या मुलाला आजवर कोणी सांगितलेली नव्हती.

रानात जाताना किती सुरी जवळ बाळगावी, हा प्रश्न वरवर पाहता बाजारहाटाचा वाटतो. परंतु त्याच्याशी थोडा वेळ बसून राहिले की त्याची दुसरी बाजू दिसू लागते. रानात जाणारा माणूस आपला सारा संसार पाठीवर वाहून नेतो. प्रत्येक वस्तूला तो "तू कशासाठी?" असे विचारतो, आणि बहुतेक वस्तू सरळ उत्तर देतात. चार दिवस आणि चार माणसे म्हटले की तांदूळ किती, डाळ किती, पाणी किती याचा हिशेब मांडता येतो. सुरीचा हिशेब मात्र मांडता येत नाही. कांदा, दोरी, औषधाची पट्टी, लिंबू एवढी तिची खरी कामे, आणि त्यांना तीन बोटे पाते पुरते. उरलेली सहा बोटे आपण एका अशा प्रसंगासाठी नेतो की जो अजून आलेला नाही आणि ज्याचे नेमके रूप आपल्याला सांगता येत नाही. त्या प्रसंगाची लांबीरुंदी आपण आपल्या भीतीने मोजतो. भीती ही काही लज्जास्पद गोष्ट नव्हे. पण भीतीने घेतलेल्या मापाची वस्तू हाती आली की ती वापरून पाहण्याची इच्छा होतेच, आणि खरा नैतिक प्रश्न तेथे सुरू होतो.

(प्रवासात काय न्यावे याविषयीचा वाद जुनाच आहे. शिष्यांना गावोगाव पाठवताना काठी घेण्याची मुभा दिली होती असे संत मार्क लिहितो. संत लूक म्हणतो, काठीदेखील घ्यायची नव्हती. भाष्यकारांनी या तफावतीवर पुष्कळ शाई खर्च केली आहे. सुरीचा उल्लेख मात्र दोघांनीही केलेला नाही.)

आमच्या पुतण्याने दाखवलेल्या सुरीची वंशावळ शोधत गेले तर ती अमेरिकेत जाऊन पोहोचते. १८२७ साली मिसिसिपी नदीतील एका वाळूच्या बेटावर द्वंद्वयुद्धानंतर मोठी झटापट झाली. तीत जेम्स बोवी नावाच्या माणसाने, स्वतः गोळ्या आणि वार झेलून जखमी झालेला असताना, एका भल्यामोठ्या सुरीने आपल्या प्रतिपक्ष्याला ठार केले. वर्तमानपत्रांनी ती बातमी दूरवर पोहोचवली आणि "बोवी सुरी" हे नाव सर्वतोमुखी झाले. इंग्लंडमधील शेफिल्डच्या कारागिरांनी अमेरिकेच्या बाजारासाठी अशा सुऱ्या मोठ्या प्रमाणावर घडवल्या. १९८२ साली 'फर्स्ट ब्लड' हा चित्रपट आला. त्यातील रॅम्बोच्या हाती पोकळ मुठीची आणि दातेरी पाठीची सुरी होती, आणि जगभरच्या मुलांना रानात जाण्यासाठी कोणती सुरी लागते ते त्या चित्रपटाने शिकवून टाकले. ही वंशावळ माणसांमाणसांतील लढाईची आहे, रानाशी तिचा संबंध फार थोडा.

गंमत अशी की, ज्या अमेरिकेने ही सुरी जगाला दिली तेथीलच रानात खरोखर राहणाऱ्या माणसांनी तिची यथेच्छ टर उडवली. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स हा पेनसिल्व्हेनियातील जोडे शिवणारा, किरकोळ अंगाचा, छातीच्या विकाराने पोखरलेला गृहस्थ 'नेसमुक' या टोपणनावाने लिहीत असे. १८८३ साली, साठी उलटल्यावर, तो अ‍ॅडिरॉन्डॅकच्या सरोवरांतून अडीचशेहून अधिक मैलांचा प्रवास एकटा करून आला. त्याची होडी साडेदहा पौंड वजनाची होती, म्हणजे आपल्याकडील पाण्याने भरलेल्या लहान कळशीहूनही हलकी. दुसऱ्या वर्षी, १८८४ मध्ये, त्याचे 'वुडक्राफ्ट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. दुकानातील जाड, अवजड शिकारी सुऱ्या त्याला मुळीच मान्य नव्हत्या. त्याच्याजवळ एक छोटी दुधारी कुऱ्हाड, एक पातळ पात्याची सुरी आणि खिशातला दोन पात्यांचा चाकू असे, आणि तिन्ही वस्तू स्वतःच्या हाताला बेतून घेतलेल्या. पुढे होरेस केफार्ट हा सेंट लुईस शहरातील ग्रंथपाल आयुष्याची घडी विसकटल्यावर १९०४ साली ग्रेट स्मोकी पर्वतात जाऊन राहिला. १९०६ साली त्याने रानातील वास्तव्यावर जे पुस्तक लिहिले त्यात सुरीविषयी हेच सांगितले आहे. पाते चार-साडेचार इंच, मूठ तेवढीच, काम भाकरी आणि मांस कापण्याचे, लाकूड तासण्याचे. नवशिक्याच्या डोळ्यांत भरेल असे तिच्यात काही नाही, हेही त्याने प्रांजळपणे नोंदवून ठेवले आहे.

परंतु या विषयातला आमचा खरा गुरू आणखी जुना आहे. १९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवर, आल्प्समध्ये ३,२०० मीटरहून अधिक उंचीवर, फिरायला गेलेल्या एका जर्मन दांपत्याला वितळत्या बर्फातून डोकावणारे मानवी शव दिसले. एखादा अलीकडचा गिर्यारोहक असावा, असा प्रथम समज झाला. तपासाअंती ते शव सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचे ठरले. जग त्या माणसाला आज 'ओत्झी' म्हणून ओळखते. बर्फाने त्याचा देह राखला आणि त्याबरोबर त्याची शिदोरी, वस्त्रे आणि हत्यारेही राखली. इटलीतील बोल्झानो येथील संग्रहालयात ती ठेवलेली आहेत.

या माणसाची सुरी गारगोटीच्या जातीच्या दगडाची होती. अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची मूठ, झाडाच्या सालीच्या तंतूंचे विणलेले म्यान. मुठीसकट सगळी लांबी जेमतेम १३ सेंटीमीटर. टोक तुटलेले. तिच्याबरोबर तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती, निखारे नेण्यासाठी भूर्जाच्या सालीचा डबा होता, आणि एक पेन्सिलीसारखे साधन होते: लाकडाच्या कांडीत शिंगाचा खिळा बसवलेला. त्या खिळ्याने दगडी पात्याच्या कडेचे बारीक कपचे उडवून धार पुन्हा जिवंत करता येत असे. २०१८ साली संशोधकांनी त्याची दगडी हत्यारे बारकाईने तपासली, तेव्हा ती पुन्हा पुन्हा धार लावून झिजलेली, बहुतेक संपत आलेली आढळली. नवा दगड त्याला बराच काळ मिळालेला नसावा. ज्या पर्वतात आपण आज नायलॉनचे दोर आणि पोलादी साधने घेऊन जातो, तेथे हा मध्यमवयीन माणूस झिजून बोटभर उरलेल्या पात्यावर आपले सारे व्यवहार भागवीत होता.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, लहान सुरी हाच सद्गुण, असा आमचा निष्कर्ष असावा. तसे असते तर लेख येथेच संपवता आला असता. पण ओत्झीची कहाणी त्या आटोपशीर निष्कर्षाला साथ देत नाही. २००१ साली क्ष-किरणांच्या तपासणीत त्याच्या डाव्या खांद्यात बाणाचे दगडी टोक रुतलेले दिसले. बाण पाठीमागून आला होता. त्याच्या उजव्या हातावर, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये, मरणाच्या काही दिवस आधीची खोल जखम होती. म्हणजे कोणाशी तरी त्याची हातघाई झाली होती आणि तो उंच डोंगरावर आला तो बहुधा जीव वाचवण्यासाठी. त्याला रानाने मारले नाही, थंडीने मारले नाही, माणसाने मारले. तेथे सुरी नऊ इंचांची असती तरी पाठीमागच्या बाणाला ती काय करणार होती? आणि उलट हेही खरे की, त्या झटापटीच्या दिवशी त्याने आपल्या तेरा सेंटीमीटरना दोष दिला नसेलच, असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख हाती घेतला तिच्याकडे वळतो.

१९७९ सालच्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही तिघे मित्र वसईहून खेडला गेलो. कोकण रेल्वे तेव्हा स्वप्नातही नव्हती, एस. टी. च्या लाल गाडीत रात्रभर हाडे खिळखिळी करून घेत जावे लागे. आमच्या कमरेला एक सुरी होती. मुंबईच्या चोरबाजारात, कुठल्याशा बोटीवरून उतरलेल्या सामानाच्या ढिगात ती मिळाली होती. दहा इंचांचे पाते, पितळी पट्टी, चामड्याचे म्यान. ती कमरेला बांधली की आमची चाल बदलत असे, असे मित्र चिडवीत, आणि ते खरेच होते. पहिल्या दोन दिवसांत त्या सुरीने आम्ही काय काय केले ते आज आठवले तरी संकोच वाटतो. गरज नसताना आम्ही करवंदीच्या जाळ्या छाटल्या, एका कोवळ्या झाडाची फांदी केवळ पाते किती खोल जाते हे पाहण्यासाठी तोडली, आणि एका दगडी खांबाशेजारच्या वडाच्या पारंब्यांवर आपापली आद्याक्षरे कोरली. सुरी नसती तर यातले काहीही करण्याची बुद्धी आम्हाला झाली नसती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुमारगड मागे टाकून आम्ही महिपतगडाच्या दिशेने निघालो होतो. उजेड मावळत आल्यावर एका उघड्या माळावर मुक्काम करायचे ठरले. सरपण गोळा करताना आमच्या मित्राने एका दगडाच्या कपारीजवळ पाय टाकला आणि त्याला फुरसे डसले. घोट्याच्या किंचित वर दोन बारीक टिपके, आणि त्या दगडाआड अंगावर अंग घासून खरखर आवाज काढणारे ते वीतभर जनावर.

आम्हाला काय करायचे ते पाठ होते. त्या काळच्या पुस्तिकांतून शिकवले जाई की, दंशाच्या वर घट्ट बांधावे, दंशावर फुलीच्या आकाराचा छेद घ्यावा, विष चोखून थुंकावे. सुरी आमच्या, म्हणजे या लेखकाच्या, हातात होती. तिला इतके दिवस ज्या प्रसंगाची प्रतीक्षा होती तो आला होता. मित्र "नको" म्हणाला नाही. त्याने दात आवळून डोळे मिटले. बकरा कापण्याजोग्या त्या पात्याने घोट्याजवळ नाजूक छेद घेणे शक्यच नव्हते. छेद खोल गेला.

फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आज कोणताही ग्रामीण डॉक्टर ते सांगेल. अशा रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे तसेच ठेवून ते गोठते की नाही हे पाहणे ही तेथली पहिली चाचणी असते. ज्याचे रक्त गोठणार नाही त्याच्या पायाला आम्ही मोठे तोंड पाडून दिले होते. रक्त थांबेना. रुमाल भिजला, पंचा भिजला, अर्ध्या तासाने हिरड्यांतूनही रक्त येऊ लागले. आमचा तिसरा सोबती उतारावर दिसलेल्या दिव्याच्या रोखाने ओरडत धावत सुटला.

तो दिवा एका धनगरवाडीचा होता. पाच-सहा माणसे आली. त्यांतल्या एका वृद्धाने कंदील पायाजवळ धरून पाहिले आणि विचारले, "पाय चिरला कुनी?" आम्ही काही बोललो नाही. त्यांनीही पुन्हा विचारले नाही. कोणीतरी मंत्र घालणाऱ्याचे नाव काढले. बाबांनी मानेनेच नकार दिला आणि खेडला न्यायचे, एवढेच म्हणाले. मग त्यांनी कमरेमागच्या लाकडी आकडीतून कोयती काढली. आमच्या सुरीएवढेच, दहा इंचांचेच पाते असेल. फक्त टोकाशी वळलेले, काळपट, मूठ घामाने गुळगुळीत झालेली. त्यांनी अंधारात जाऊन दोन सरळ दांडे आणले. प्रत्येकाला तीन-चार घाव पुरले असावेत, कारण आवाज आम्ही मोजले होते. दोन घोंगड्यांची डोली झाली. आठ माणसांनी खांदे बदलत, दगडगोट्यांतून, चार तासांत आमच्या मित्राला मोटारीच्या रस्त्यावर आणले. तेथून एका मालमोटारीने पहाटे तालुक्याच्या गावी पोहोचलो. विषावरील लस तेथे होती.

मित्र वाचला. "दंशापेक्षा मला तुम्ही केलेल्या जखमेचीच अधिक काळजी वाटते," असे तिथले डॉक्टर म्हणाले, ते रागावून नव्हे, माहिती द्यावी तसे. ती जखम चिघळली. बरी व्हायला पाच महिने लागले. तो पाय आजही तो किंचित ओढतो. त्याने आम्हाला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. त्याच्या मुलांनाही पायाचे कारण "फुरसे" एवढेच ठाऊक आहे.

पुढे वैद्यकशास्त्राने याबाबत निःसंदिग्ध निर्णय दिला. भारत सरकारने २००९ साली सर्पदंशावरील उपचारांची जी राष्ट्रीय कार्यपद्धती ठरवली तिच्यात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही, छेद घेणे, चोखणे आणि घट्ट आवळपट्टी बांधणे या तिन्ही गोष्टी वर्ज्य आहेत. रुग्णाला धीर द्यावा, हाडे मोडलेल्या माणसाप्रमाणे तो अवयव हलू देऊ नये, आणि शक्य तितक्या लवकर लस असलेल्या रुग्णालयात पोहोचवावे, एवढेच करायचे. म्हणजे रानात मोठी सुरी लागते ती सापासाठी, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी उत्तर असे की, सापाच्या प्रसंगी सुरी म्यानातच राहिलेली बरी. बिबट्याचे तर बोलायलाच नको. सुरी चालवण्याइतका तो जवळ आला असेल तर पात्याच्या लांबीने फारसा फरक पडणार नाही.

आता त्या दोन पात्यांकडे पाहा. लांबी सारखी. एकाने पाय चिरला आणि दुसऱ्याने डोली घडवली. आम्ही पुष्कळ वर्षे या गोष्टीचा अर्थ सोपा करून घेत होतो की, धनगरबाबा रानातले होते, आम्ही परके होतो. पण एवढ्याने भागत नाही. कोयती बाबांच्या कमरेला सकाळपासून रात्रीपर्यंत असे. शेळ्यांसाठी पाला काढायला, कुंपणाच्या काट्या तोडायला, वाट मोकळी करायला. गावच्या लोहाराने ती जुन्या मोटारीच्या कमानपाट्यातून घडवलेली असते, आणि वर्षातून एकदा तरी ती त्याच्याकडे परत जाते. तिच्या दहा इंचांपैकी एकही इंच न आलेल्या प्रसंगासाठी राखून ठेवलेला नव्हता. त्या रात्रीचे दांडे तोडणे हे तिच्या रोजच्याच कामांपैकी एक होते. आमच्या वसईच्या वाड्यांतील केळीवरचा कोयता काय, पलीकडच्या डोंगरातील वारली माणसाच्या कमरेचा कोयता काय, त्यांच्याविषयी "एवढे मोठे कशाला?" असे विचारण्याचा अधिकार सुट्टीत चार दिवस रानात जाणाऱ्याला नाही. मोठे पाते हे पाप नव्हे. आमचे पाते कामाविना मोठे होते, आणि म्हणून ते काम शोधत होते.

आपले कायदेही, गंमत म्हणजे, लांबीआधी उद्देश विचारतात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने शस्त्राची व्याख्या करताना केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी घडवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. नऊ इंचांच्या आणि दोन इंच रुंदीच्या मर्यादा त्याखालील नियमांत येतात. अभयारण्याच्या सीमेवर मात्र हा विवेक संपतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'शस्त्र' या शब्दात बंदुका, फासे आणि विष यांच्याबरोबर सुऱ्याही मोजल्या आहेत, आणि लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरणे हा गुन्हा आहे. तेव्हा आमच्या तुंगारेश्वराच्या डोंगरात जाणाऱ्या तरुणांनी कमरेला सुरी मिरवण्याआधी हेही लक्षात ठेवलेले बरे.

सकाळी पुतण्याला आम्ही ही सारी हकिकत सांगितली. सांगताना आवाज दोनदा अडला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण काका, सुरीमुळे माणसे वाचलीही आहेत. त्या रॉल्स्टनचे काय?"

प्रश्न रास्त होता. २६ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेच्या यूटा राज्यातील ब्लूजॉन नावाच्या अरुंद घळीत अ‍ॅरन रॉल्स्टन हा सत्तावीस वर्षांचा गिर्यारोहक एकटा उतरत असताना सुमारे ३६० किलो वजनाचा धोंडा घसरला आणि त्याचा उजवा हात घळीच्या भिंतीशी चेपला गेला. पाच दिवस तो तसाच अडकून होता. सहाव्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताची हाडे पिळून मोडली आणि एका लहान पात्याने हात कापून स्वतःला सोडवले. जगाने त्या सुरीची कथा ऐकली. पण ती सुरी कसली होती? विजेरीच्या खरेदीबरोबर मिळालेले, नामांकित हत्याराची स्वस्त नक्कल असलेले ते एक घडीचे साधन होते. दोन इंचांचे पाते, आणि तेही पाच दिवस धोंड्यावर घासून बोथट झालेले. त्याला मोठी सुरी हवी होती का? अधिक धारदार हवी होती, यात शंका नाही. पण त्याहून आधी त्याला जे हवे होते त्याचे वजन शून्य आहे. तो कोठे चालला आहे, हे त्याने एकाही माणसाला सांगितलेले नव्हते, म्हणून कोणी त्या घळीत त्याला शोधत आले नाही. ही चूक त्याने स्वतः वारंवार कबूल केली आहे.

सुरीवाचूनचे उदाहरणही आम्ही त्याला सांगितले. २४ डिसेंबर १९७१ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, पेरू देशात एक विमान वादळात आकाशातच फुटले. सतरा वर्षांची युलियाने कोपके आसनाला बांधलेल्या स्थितीत अ‍ॅमेझॉनच्या अरण्यात पडली आणि जिवंत राहिली. तिची आई धरून बाकीचे एक्क्याण्णव जण गेले. गळ्याचे हाड मोडलेले, चष्मा हरवलेला, पायात एकच पादत्राण, खायला थोड्या गोळ्या. सुरी नव्हती. आईवडील प्राणिशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या संशोधन केंद्रावर ती त्याच अरण्यात राहिलेली होती. वाहते पाणी दिसले की त्याच्या उताराने जावे, पाण्याकाठी माणसे भेटतात, हे वडिलांनी शिकवलेले तिला आठवले. अकरा दिवसांनी लाकूडतोड्यांनी तिला पाहिले. २०२३ साली कोलंबियात विमान कोसळल्यावर चार आदिवासी भावंडे चाळीस दिवस अरण्यात तगली. थोरली तेरा वर्षांची, धाकटे अकरा महिन्यांचे. शोधपथकांना त्यांच्या वाटेवर एक कात्री सापडली होती.

"म्हणजे कात्री न्यायची?" पुतण्याने विचारले. थट्टेने विचारले, पण त्याने पुढे जे म्हटले ते थट्टेचे नव्हते. "त्या रात्री बाबांची कोयती नसती तर तुमचा मित्र वाचला नसता. आणि आता तिथे वाडीत दिवा नसेल तर? माणसे शहरात गेली असतील तर? मग ते दांडे कोण तोडणार?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. दुसऱ्याच्या कमरेला कोयती आहे या भरवशावर आपण हलके होऊन चालावे, हा न्याय नव्हे, हे त्याला दिसले आणि आम्हाला इतक्या वर्षांत दिसले नव्हते. आम्ही त्याला इतकेच सांगितले की, चौघांत एक कोयती न्यायची असेल तर न्या, पण आधी नोव्हेंबरभर आपल्या वाडीत तिने केळीचे लोंगर उतरवा, वई छाटा, आणि ज्याच्या हातात ती बसेल त्यानेच ती घ्यावी.

त्याने नऊ इंचांची सुरी घेतली नाही. चार रविवार तो वाडीत आला. पहिल्या दिवशी त्याच्या तळहाताला फोड आले, तिसऱ्या रविवारी आमच्या गड्याने त्याच्या हातातला कोयता काढून घेऊन पुन्हा मूठ कशी धरायची ते दाखवले. अखेर, "माझ्याने हे जमायला वर्ष लागेल" असे म्हणून त्याने कोयता खुंटीला लावला आणि घडीचा तीन इंचांचा चाकू खिशात घातला. निघण्याच्या आदल्या रात्री त्याने एका कागदावर तिन्ही गडांची नावे, मुक्कामाच्या जागा, वाटेवरच्या वाड्या, खेडच्या रुग्णालयाचा दूरध्वनी आणि परतीची तारीख लिहिली, आणि तो कागद भावजयीने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवला. त्याखाली तिने स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: "बुधवारी रात्रीपर्यंत आला नाही, तर मोठ्या भावोजींना कळवणे."

बुधवारी दुपारी तो परत आला. महिपतगडाच्या वाटेवर त्यांना त्या वाडीत दोन घरे उघडी दिसली होती. एका घरी त्यांनी ताक घेतले. बाबांचे नाव आम्हाला कधी कळले नव्हते, त्यामुळे त्याला कोणाविषयी विचारावे हे सुचले नाही.